डॉक्टर व्हायचंय, पण विचारायचं कुणाला?

२१ नोव्हेंबर १९६१. सातारा-सांगलीकडच्या कैकाडी, वडार, गोपाळ किंवा डोंबारी घरातली एखादी मुलगी बारावी विज्ञानला असेल आणि तिला डॉक्टर व्हायचं असेल, तर ही तारीख तिच्या घराला पाठ करावीच लागते. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींच्या राखीव जागेवर प्रवेश हवा असेल तर जात वैधता प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी आपलं घराणं या तारखेच्या आधीपासून महाराष्ट्रात राहतं आणि त्याच जातीचं आहे, हे कागदाने सिद्ध करावं लागतं. अनुसूचित जातींसाठी ही तारीख १० ऑगस्ट १९५० आहे, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७.

आता १९६१ साली त्या मुलीचे आजोबा कुठे होते? गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव कणग्या-टोपल्या विणत फिरत होते, नाहीतर कोयना धरणाच्या कामावर दगड फोडत होते. शाळेच्या दाखल्यावर नाव नाही, कारण शाळाच नाही. सातबारावर नाव नाही, कारण जमीन नाही. मग मुलीचे वडील रोजगार बुडवून तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात हेलपाटे घालतात. गाव नमुना चौदा, म्हणजे जुन्या काळचं जन्म-मृत्यूचं कोतवाल बुक, त्यात पणजोबांच्या नावापुढे जात लिहिलेली सापडते का, ते पानापानावर बोट ठेवून बघायचं. वडिलांना स्वतःला वाचता येत नसेल तर कारकुनाची मनधरणी करायची. आणखी मागचं काही निघालं तर ते मोडीत असतं. मग मोडी वाचणारा गाठायचा आणि त्याचं लिप्यंतर करून घ्यायचं. हे सगळं मुलगी ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची उजळणी करत असते त्याच महिन्यांत चालू असतं.

ज्या घरात आधीच एखादा डॉक्टर असतो, तिथे असं होत नाही. नॉन-क्रिमिलेअर कुठल्या साली काढायचं, अधिवासाचा दाखला कधी लागतो, कॅप राउंडमध्ये महाविद्यालयांचा पसंतीक्रम कसा भरायचा, पहिल्या फेरीत मिळालेली जागा धरून ठेवायची की सोडायची, हे जेवताना गप्पांत कळतं. कुणी ते मुद्दाम शिकवत नाही. दुसऱ्या घरातली मुलगी तितकीच हुशार असली तरी तिला हे सांगणारं कुणी नसतं, आणि एक चुकलेली तारीख तिचं वर्ष घालवते. आरक्षण हवं, फीमाफी हवी, अभ्यास तर हवाच. पण या तिन्ही गोष्टी हाताशी असूनही पहिल्या पिढीतली मुलं आरोग्यक्षेत्राच्या दाराशी अडखळतात, याचं एक मोठं कारण म्हणजे त्यांच्याकडे विचारायला माणूस नसतं.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजाला हा अनुभव फार जुना आहे, आणि त्यांनी तो आकड्यांत मांडून ठेवला आहे. १९१० साली अब्राहम फ्लेक्सनर यांनी तिथल्या वैद्यकीय शिक्षणाचा अहवाल लिहिला. त्या वेळी कृष्णवर्णीयांसाठीची सात वैद्यकीय महाविद्यालयं चालू होती. अहवालानंतर त्यांतली पाच बंद पडली. उरली दोन, वॉशिंग्टनचं हॉवर्ड आणि नॅशव्हिलचं मेहॅरी. पुढची कित्येक दशकं देशातल्या बहुसंख्य कृष्णवर्णीय डॉक्टरांचा भार या दोघांनीच वाहिला. शंभर वर्षांनंतरचं चित्रही फार दिलासा देणारं नव्हतं. अमेरिकी वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने २०१५ मध्ये जाहीर केलं की १९७८ साली वैद्यकीय प्रवेशासाठी १,४१० कृष्णवर्णीय तरुण पुरुषांनी अर्ज केले होते आणि २०१४ साली १,३३७ जणांनी. म्हणजे मधल्या ३६ वर्षांत लोकसंख्या वाढली, महाविद्यालयं वाढली, कायदे बदलले, तरी अर्ज कमीच झाले.

यावर तिथल्या डॉक्टरांनी धरलेला मार्ग साधा आहे. डॉ. डेल ओकोरोडुडू यांनी २०१३ मध्ये ‘ब्लॅक मेन इन व्हाइट कोट्स’ हा उपक्रम सुरू केला. शाळकरी मुलांना आपल्यासारख्या दिसणाऱ्या, आपल्यासारखं बोलणाऱ्या डॉक्टरांपर्यंत न्यायचं, आणि पालकांनाही सोबत बोलवायचं. यामागे भावनेइतकाच हिशेबही आहे. कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात अर्थशास्त्रज्ञ आणि डॉक्टर मार्सेला अल्सान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृष्णवर्णीय पुरुषांसाठी तपासणीचा दवाखाना उघडून पाहिला. समोर कृष्णवर्णीय डॉक्टर असला की हे पुरुष मधुमेह, कोलेस्टेरॉल अशा तपासण्यांना अधिक तयार होत, आणि सुई टोचून रक्त घ्यायच्या तपासण्यांत हा फरक जास्त दिसे. विश्वास असेल तर माणूस हात पुढे करतो.

जत तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावांत गेलं की हीच गोष्ट आपल्या मातीत दिसते. तिथे घराघरांत कन्नड बोललं जातं. बाळंतपणाला आलेल्या सुनेशी तिच्या भाषेत बोलणारी नर्स आणि न बोलणारी नर्स यांत काय फरक पडतो, हे तिच्या सासूला विचारावं. पाटणच्या डोंगरातल्या वाडीवर, माणदेशातल्या मेंढपाळांच्या वाड्यावर, ऊसतोडीच्या अड्ड्यावर हेच लागू आहे. ज्या समाजातून आरोग्य कर्मचारी येत नाहीत, त्या समाजापर्यंत आरोग्य उशिरा पोहोचतं.

काळ्या अमेरिकेशी आपलं नातं जोडायला साताऱ्याला लांब जावं लागत नाही. जोतीराव फुल्यांचं घराणं मूळचं खटाव तालुक्यातल्या कटगुणचं. त्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी कृष्णवर्णीयांची गुलामी मोडण्यासाठी झीज सोसली. सावित्रीबाईंचा जन्म नायगावचा. ते आज खंडाळा तालुक्यात, सातारा जिल्ह्यात येतं. या दांपत्याने एका विधवेचा मुलगा दत्तक घेतला आणि त्याला शिकवलं. तो यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात पुण्याजवळ त्याने दवाखाना मांडला, तेव्हा सावित्रीबाई रुग्ण आणत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या, आणि त्यातच प्लेग होऊन १० मार्च १८९७ ला गेल्या. डॉक्टर घडवणारी आई आणि वाळीत टाकलेल्या वस्तीतला रुग्ण, या दोघांना जोडणारा धागा मराठी समाजाने तेव्हाच पाहिला होता.

त्याच १८९७ साली मिरजेत आणखी एक गोष्ट सुरू झाली.

विल्यम वॉन्लेस हे कॅनडात जन्मलेले, न्यूयॉर्कमध्ये शिकलेले मिशनरी डॉक्टर १८८९ मध्ये भारतात आले. आधी त्यांचा दवाखाना सांगलीत होता, मग ते मिरजेला गेले आणि १८९४ मध्ये तिथे रुग्णालय उभं राहिलं. मिरज हे रेल्वेचं जंक्शन, त्यामुळे दूरदूरचे रुग्ण गाडीने थेट तिथे उतरू लागले. शस्त्रक्रियांची गर्दी वाढली आणि एकट्या डॉक्टरला हात अपुरे पडू लागले. वॉन्लेसनी इथलीच मुलं शिकवायला घेतली. १८९७ मध्ये वैद्यकीय शाळा सुरू झाली, परिचारिकांचं प्रशिक्षणही सुरू झालं. सांगली आणि मिरजेच्या मधलं वॉन्लेसवाडी हे नाव आजही बसच्या पाटीवर असतं. तिथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम होतं.

या शाळेत कोण शिकायला आलं, याकडे नीट बघायला हवं. उच्चवर्णीय घरांना तेव्हा नर्सिंग नको होतं. परक्याच्या अंगाला हात लावायचा, रक्त-मलमूत्र काढायचं, रात्री बाहेर राहायचं, हे सगळं त्यांना बाटवणारं वाटे. म्हणून ज्या मुली या कामात आल्या त्या बऱ्याचशा ख्रिस्ती झालेल्या दलित घरांतल्या, अनाथ, विधवा, दुष्काळात घरदार हरवलेल्या अशा होत्या. जे काम समाजाने हलकं ठरवलं होतं, ते त्यांच्या हातात आलं आणि त्यांनी त्याचा मानाचा पेशा केला. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचाही होता, शाळा मुख्यतः ख्रिस्ती तरुणांसाठीच होती, आणि ही अट विसरून चालणार नाही. दार उघडताना उंबऱ्यावर काय मागितलं जातं, हे महत्त्वाचं असतंच. तरीही शिकवण्याची पद्धत आज उचलावी अशी होती. मुलगा किंवा मुलगी रुग्णालयाच्या आवारातच राही, ज्येष्ठांच्या बाजूला उभं राहून काम शिके, जेवण-कपडे तिथेच असत, आणि शिकून बाहेर पडताना कुठे काम करायचं हेही ठरलेलं असे. मिरजेत तयार झालेली माणसं पुढे इतर मिशन रुग्णालयांत पसरली. १९२८ मध्ये वॉन्लेस ‘सर’ झाले. पण त्यांनी लावलेल्या त्या शिकवण्याचं मोल मिरज शहराने अधिक चांगलं ओळखलं. आज मिरजेला वैद्यकीय नगरी म्हणतात, त्याची मुळं तिथे आहेत. १९६२ मध्ये मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं तेही याच जमिनीवर पाय रोवून.

साताऱ्यात याच काळात दुसरा एक प्रयोग चालला होता. तो वैद्यकीय नव्हता, पण या लेखाच्या विषयाचा गाभा तिथेच आहे. भाऊराव पाटलांचं घराणं वाळवे तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं. १९१९ मध्ये त्यांनी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशी मुलं एकत्र राहत, एकाच पंगतीत जेवत, स्वतः स्वयंपाक करत, शेतात राबत. १९२७ मध्ये महात्मा गांधी साताऱ्याला आले तेव्हा त्यांच्या हस्ते वसतिगृहाला ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असं नाव दिलं गेलं. पैसे संपत तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही.

भाऊरावांना एक गोष्ट पुरती कळली होती. गरीब मुलगा वर्गात नापास होण्याच्या आधीच घरी परत जातो. त्याला गणित येत नाही म्हणून नव्हे, संध्याकाळी भाकरी कुठे मिळणार हे माहीत नसतं म्हणून. बोर्डिंगमध्ये मोठी मुलं लहान मुलांचा अभ्यास घेत. कुणी आजारी पडलं तर कुणी ना कुणी उशाशी असे. १९३५ मध्ये त्यांनी साताऱ्यात शिक्षक घडवणारं महाविद्यालय काढलं, म्हणजे बोर्डिंगमधून शिकलेला मुलगा शिक्षक होऊन पुन्हा खेड्यात जाईल आणि तिथून पुढचा मुलगा पाठवील. संस्थेच्या आज सातशेहून अधिक शाखा आहेत. रयतेने हे शिक्षकांसाठी करून दाखवलं. आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ही साखळी इतक्या जाणीवपूर्वक कुणी बांधली नाही, आणि ही उणीव दोन्ही जिल्ह्यांना आजही जाणवते.

साताऱ्यातच, ७ नोव्हेंबर १९०० रोजी, भिवा रामजी आंबेडकर हे नाव सरकारी शाळेच्या पटावर चढलं. ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि हा दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पण पटावर नाव चढल्यानंतर त्यांना बडोद्याच्या शिष्यवृत्तीपर्यंत कुणी नेलं? मुंबईत चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन बसणाऱ्या या मुलाची विचारपूस करणारे कृष्णाजी केळुसकर गुरुजी होते. मुलगा मॅट्रिक झाला तेव्हा त्यांनी त्याला आपण लिहिलेलं बुद्धचरित्र दिलं, पुढे सयाजीरावांकडे शब्द टाकला आणि कॉलेजसाठी दरमहा शिष्यवृत्ती मिळाली. बाबासाहेबांची बुद्धी केळुसकरांनी दिली नाही. त्यांनी ओळख करून दिली, आणि ती नेमक्या वेळी करून दिली.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचं उदाहरण दुसऱ्या बाजूने बोलकं आहे. साताऱ्यात शाळा, सांगलीत विलिंग्डन कॉलेज, मग मिरजेचं वैद्यकीय महाविद्यालय. दोन जिल्ह्यांच्या नकाशावर डॉक्टर होण्याची याहून सरळ रेघ सापडणार नाही. घर शिकलेलं होतं. थोरले बंधू देवदत्त दाभोलकर पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. नरेंद्रांना वाट विचारायला बाहेर जावं लागलं नाही, आणि त्या सवलतीची त्यांनी पुरेपूर परतफेड केली. साताऱ्यात दवाखाना चालवला, ‘परिवर्तन’ व्यसनमुक्ती केंद्र उभारलं, अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम गावोगाव नेलं. परिवर्तनचं काम आज मानसिक आरोग्याकडेही वळलं आहे, आणि अशा कामाला समाजातूनच तयार झालेले कार्यकर्ते लागतात. हीच रेघ कैकाडी वस्तीतल्या मुलीने ओढायची म्हटली तर पहिल्याच टोकाला तिला २१ नोव्हेंबर १९६१ आडवी येते.

आरोग्यक्षेत्र म्हणजे एमबीबीएस, ही समजूत मुलांचं फार नुकसान करते. २०२४ मध्ये देशभरात २३ लाखांहून अधिक मुलांनी नीट दिली. एमबीबीएसच्या जागा तेव्हा लाखाच्या थोड्या पुढे होत्या. उरलेली लाखो मुलं एक वर्ष, दोन वर्षं पुन्हा पुन्हा परीक्षा देतात. त्यांतल्या कित्येकांना कुणी सांगितलेलंच नसतं की रुग्णालय चालतं ते डझनावारी पेशांच्या माणसांवर. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, जीएनएम तीन, एएनएम दोन. फिजिओथेरपी आहे, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे, क्ष-किरण आणि डायलिसिसचे तंत्रज्ञ आहेत, शस्त्रक्रियागृहातले सहायक आहेत. केंद्राने २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि त्यात ५० हून अधिक पेशांची नोंद केली. मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात कोरोनाचे रुग्ण एकामागून एक सापडले, तेव्हा सांगली जिल्ह्याला या माणसांची किंमत कळली. नमुने घेणारे, तपासणारे, ऑक्सिजनची नळी लावणारे, पीपीई किट घालून तासन् तास वॉर्डात थांबणारे बहुतेक जण डॉक्टर नव्हते.

यांतला एक पेशा तर फलटणशी जोडलेला आहे. अमेरिकेत जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी लग्नानंतर कमला निंबकर झाल्या. फिलाडेल्फियात त्यांनी ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण घेतलं. अपघाताने, अर्धांगाने किंवा पोलिओने अधू झालेल्या माणसाला रोजची कामं पुन्हा करायला शिकवण्याचं हे शास्त्र. १९५० मध्ये त्यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात याचं विद्यालय सुरू केलं. भारतात हा पेशा तिथून रुजला. फलटणला त्यांच्या नावाचं बालभवन आहे. मॅक्सिन बर्नसन यांनी गावातल्या शाळेबाहेरच्या, गरीब वस्त्यांतल्या मुलांसाठी जे शिक्षणकार्य उभं केलं, त्याचा हा भाग. तिथल्या एखाद्या मुलीने शाळेच्या पाटीवरचं नाव वाचून ‘या बाई काय करत होत्या?’ असं विचारलं, तर एका अख्ख्या पेशाची ओळख तिला होऊ शकते.

औपचारिक पदवीशिवाय आरोग्याचं काम शिकलेल्या स्त्रियाही सांगलीत आहेत. १९९२ पासून मीना सेषू यांच्या ‘संग्राम’ संस्थेने वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांनाच एचआयव्ही प्रतिबंधाच्या कामात पुढे आणलं. गोकुळनगरच्या गल्लीत कंडोम वाटणं, आजारी मैत्रिणीला सरकारी रुग्णालयात नेणं, तिथे अपमान झाला तर ठामपणे उभं राहणं, हे त्या स्त्रिया करू लागल्या. १९९६ मध्ये त्यांची स्वतःची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. एखादा मोठा आरोग्यतज्ज्ञ जिथे पाऊल टाकू शकला नसता, तिथे या बायका पोहोचल्या. अशा आईच्या मुलाने किंवा मुलीने नर्स व्हायचं ठरवलं, तर त्या घरात आरोग्याचं ज्ञान आधीच असतं. ते ज्ञान म्हणून कुणी ओळखत नाही, इतकंच.

मग आज या मुलांसाठी काय आहे? योजना बऱ्याच आहेत. ‘महाज्योती’ या शासकीय संस्थेमार्फत इतर मागासवर्ग, विमुक्त-भटके आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना नीटचं ऑनलाइन प्रशिक्षण विनामूल्य मिळतं, टॅब आणि इंटरनेट डेटासह. अनुसूचित जातींच्या, वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे. २०२४-२५ पासून, वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी राज्य सरकार पूर्ण भरतं. नीटचा पेपर मराठीत देता येतो. पण यातलं काहीही घरपोच येत नाही. अर्जाची मुदत संपल्यावर योजनेचं नाव कानावर येतं. आणि नीट मराठीतून दिली तरी महाविद्यालयाच्या पहिल्याच आठवड्यात शरीररचनाशास्त्राचं जाडजूड इंग्रजी पुस्तक हातात पडतं.

फसवणुकीचा धोकाही याच मुलांना जास्त. तालुक्याच्या गावी एखाद्या दुकानाच्या माडीवर ‘नर्सिंग’ची पाटी लागते, वर्षाला हजारो रुपये घेतले जातात आणि शेवटी हातात येतो कुठेही न चालणारा कागद. प्रवेश घेण्याआधी त्या संस्थेला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम असेल तर परावैद्यक परिषद तो मानते का, एवढे दोन प्रश्न विचारले तरी पुष्कळ मुली वाचतील. हे दोन प्रश्न सांगायला मोठी संस्था लागत नाही. गावातली एक नोकरी करणारी नर्स पुरते.

पुण्यात हे काम विद्यार्थ्यांनीच हातात घेतलं. बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या डॉ. अतुल ढाकणे आणि त्यांच्या मित्रांनी २०१५ मध्ये ‘लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट’ सुरू केलं. नुकतीच परीक्षा देऊन आलेले वैद्यकीय विद्यार्थी गरीब घरांतल्या मुलांना नीटसाठी विनामूल्य शिकवू लागले. पुढे मेळघाटातल्या आदिवासी मुलांपर्यंत हे काम पोहोचलं. त्याची ताकद अशी की शिकवणारा मुलगा स्वतः दोन-चार वर्षांपूर्वी त्याच बाकावर होता. फिजिक्समध्ये नेमकं कुठे अडतं हे त्याला आठवतं, आणि कुठला दाखला कुठल्या खिडकीवर मिळतो हेही.

प्रवेश मिळाला म्हणजे आधार संपला असं मात्र होत नाही. मे २०१९ मध्ये मुंबईत नायर रुग्णालयाशी जोडलेल्या महाविद्यालयात स्त्रीरोगशास्त्र शिकणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला आणि खटला उभा राहिला. तडवी भिल्ल समाजातली ही मुलगी एमबीबीएस झाली होती, पदव्युत्तर शिक्षणापर्यंत पोहोचली होती. एवढ्या वर चढलेल्या मुलीलाही महाविद्यालयात आपलं माणूस लागतं. पहिल्या वर्षीच प्रत्येक नव्या मुलाला त्याच्या भागातला, त्याची अडचण समजणारा एक वरिष्ठ जोडून देणं आणि शिक्षकांनी त्यावर खरोखर लक्ष ठेवणं, हे कुठल्याही महाविद्यालयाला उद्यापासून जमण्यासारखं आहे.

सातारा-सांगलीत या कामासाठी लागणारं जवळजवळ सगळं आहे. मिरजेचं शासकीय महाविद्यालय, कराडचं कृष्णा, सांगलीचं भारती विद्यापीठ, आणि साताऱ्यात २०२१-२२ पासून सुरू झालेलं १०० जागांचं शासकीय महाविद्यालय, जे क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयाशी जोडलेलं आहे. रयतेच्या शाळा खेडोपाडी आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत, उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी आहेत, वाडीवस्तीवर आशाताई आहेत. या सगळ्यांची आणि आठवी-नववीतल्या मुलांची गाठ घालून देणं तेवढं राहिलं आहे. गाठ आठवी-नववीतच पडायला हवी. दहावीनंतर विज्ञान घ्यायचं की नाही ते तेव्हा ठरतं, आणि जात वैधतेचे जुने कागद शोधायलाही तीन-चार वर्षं हाताशी राहतात.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात कुटुंब दत्तक कार्यक्रम आणला आहे. प्रत्येक विद्यार्थी पहिल्या वर्षापासून खेड्यातली तीन ते पाच कुटुंबं आपली म्हणून घेतो आणि पुढची काही वर्षं त्यांच्याकडे जात राहतो. रक्तदाब मोजतो, हिमोग्लोबिन बघतो, लसीकरण झालं का ते विचारतो, वहीत नोंदी करतो. मिरजेचा किंवा साताऱ्याचा विद्यार्थी असा वर्षानुवर्षं ज्या घरांत बसून चहा पितो, त्यांतल्या कुठल्या ना कुठल्या घरात दप्तर टांगलेलं असतंच. महाविद्यालयांच्या समाजवैद्यक विभागांनी त्या नोंदवहीत आणखी काही रकाने वाढवावेत: घरात आठवी ते बारावीत कोण शिकतंय, त्याला किंवा तिला पुढे काय करायचंय, जातीचा दाखला आणि वैधता यांचं काय झालं, आणि मागच्या भेटीत सांगितलेला अर्ज भरला का.